सवलतीचं पत्र येईपर्यंत बिल कोण भरणार?

अमेरिकेतल्या एखाद्या छोट्या गावी तुम्ही ग्रंथालयाच्या विश्वस्त मंडळावर असाल, तर १ जुलैच्या सुमारास हा पेच तुमच्यासमोर येऊ शकतो. शाळा-ग्रंथालयांना इंटरनेटच्या बिलात सवलत देणाऱ्या ई-रेट या सरकारी योजनेचं नवं वर्ष सुरू झालं, सवलतीच्या मंजुरीपत्राचा पत्ता नाही आणि इंटरनेटचं बिल टेबलावर आहे.

तूर्त ते बिल ग्रंथालयालाच भरावं लागतं, आणि तेही पूर्ण. समजा महिन्याचं बिल ६०० डॉलर आणि सवलत ८० टक्के. म्हणजे तुमचा खरा वाटा १२० डॉलर. पण पत्र नोव्हेंबरअखेरीस आलं, तर तोवर ३,००० डॉलर भरून झालेले असतात आणि त्यातले २,४०० परताव्यात अडकतात. छोट्या ग्रंथालयात एवढ्यानं पुस्तकखरेदी थांबते. म्हणून माझा आग्रह आहे की अंदाजपत्रकात निदान सहा महिन्यांचं पूर्ण बिल धरा.

उशीर या योजनेच्या पाचवीलाच पुजलेला. १९९६ च्या दूरसंचार कायद्यातून ती जन्मली, सवलत १ जानेवारी १९९८ पासून मिळायची होती, पण पहिली मंजुरीपत्रं निघाली नोव्हेंबरमध्ये. अखेर पहिलं वर्षच जून १९९९ पर्यंत लांबवलं गेलं.

सवलत २० ते ९० टक्के असते. ग्रंथालयाची मुख्य शाखा ज्या शाळा-जिल्ह्यात येते, तिथली किती मुलं सरकारी सवलतीच्या जेवणाला पात्र आहेत आणि गाव ग्रामीण आहे का, यावर ती ठरते. वाय-फायची यंत्रं आणि अंतर्गत वायरिंग यांना कमाल ८५ टक्के. टेलिफोनची सवलत टप्प्याटप्प्यानं बंद झाली, ती जमेत धरू नका. सल्लागाराची फी आणि इंटरनेटवरच्या फिल्टरचा खर्चही यात बसत नाही. आणि इंटरनेटसाठी पैसे घ्यायचे, तर फिल्टर लावावाच लागतो, कर्मचाऱ्यांच्या संगणकांवरसुद्धा. सल्लागार नेमण्याआधी राज्य ग्रंथालयातल्या ई-रेट समन्वयकाला फोन करा. ती मदत फुकट असते.

सगळा उशीर सरकारच्या माथी मारता येत नाही. अर्जाच्या छाननीत प्रश्न आले, तर उत्तराला १५ दिवस मिळतात. नेमकी तेव्हा अर्ज भरणारी व्यक्ती रजेवर असली, तर रक्कम कापली जाऊ शकते, अर्ज फेटाळलाही जाऊ शकतो. दुसऱ्या कुणाला तरी ई-रेटच्या ऑनलाइन खात्याचा प्रवेश देऊन ठेवा.

यंत्रखरेदी असेल तर पत्र हातात पडेपर्यंत थांबणंच शहाणपणाचं. करारात ‘मंजुरी मिळाली तरच खरेदी’ हे कलम घालून घ्या. ‘तुमचा वाटा आम्ही सोडून देतो’ असं कंपनी म्हणाली, तर स्पष्ट नकार द्या. आपला वाटा ग्रंथालयानं भरलाच पाहिजे, असा नियम आहे. तो मोडला तर मिळालेली सवलतही परत मागितली जाऊ शकते.

पत्र आल्यावर खरी धावपळ सुरू होते. सेवा सुरू झाल्याची तारीख किंवा पत्राची तारीख, यांतली जी नंतरची असेल तिच्यापासून १२० दिवसांत, सेवा सुरू झाल्याचं कळवणारा फॉर्म ४८६ भरायचा. तो चुकला की आधीच्या महिन्यांचे पैसे हातचे जातात. इथे हलगर्जी नको. भरलेल्या बिलांचा परतावा फॉर्म ४७२ वर मागायचा. तो थेट बँकेत येतो, मात्र त्यासाठी खात्याची माहिती फॉर्म ४९८ वर आधीच नोंदवलेली हवी. पत्राची वाट बघण्याच्या काळात हे काम उरकून टाका. पुढच्या महिन्यांसाठी मात्र कंपनीकडून सवलत वजा केलेलंच बिल मागा. परतावा घ्यायचा की कमी बिल, हे ग्रंथालय ठरवतं. कंपनी सक्ती करू शकत नाही.

दरमहाच्या सेवांसाठी परताव्याची मुदत साधारणपणे वर्ष संपल्यावर २८ ऑक्टोबरला संपते. त्याआधी मागितली तर १२० दिवसांची वाढ एकदाच मिळते. निविदा, बिलं, पत्रं हे सगळं दहा वर्षं जपायचं असतं. एका फाइलीत, आणि ती कुठे आहे हे दोघांना तरी ठाऊक असू द्या.