हृदयाला मिळणारा निरोप

भद्रावतीच्या विजासन टेकडीत कोरलेली प्राचीन बौद्ध लेणी आहेत. मी मुख्याध्यापक असताना हिवाळ्यात मुलांना घेऊन तेथे जात असे. एका वर्षी टेकडीच्या अलीकडेच मी सर्वांना थांबविले आणि मनगटावर दोन बोटे ठेवून आपापली नाडी मोजावयास सांगितले. बहुतेकांची नाडी मिनिटाला ऐंशीच्या आसपास भरली. मग मुले लेण्यांपर्यंत धावत गेली व धापा टाकीतच त्यांनी नाडी पुन्हा मोजली. आकडा सव्वाशेच्या पुढे गेला होता! लेण्यातील गार सावलीत थोडा वेळ बसल्यावर तो आपोआप खाली आला. तेव्हा सातवीतील एका मुलीने विचारले, "गुरुजी, धावताना हृदयाला 'वेग वाढव' असे कोण सांगते? आणि 'आता पुरे' असे तरी कोण सांगते?"

प्रश्न लहान होता. पण त्याच्या उत्तरासाठी शास्त्रज्ञांची जवळजवळ शंभर वर्षे खर्ची पडली. त्या शोधाच्या कथेत शेवटी आपल्या विदर्भातील एका संशोधकाचेही नाव येते.

हृदय चालते ते मेंदूच्या आज्ञेवाचून, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. बेडकाचे हृदय शरीराबाहेर काढून योग्य क्षार मिसळलेल्या पाण्यात ठेवले, तरी ते कित्येक तास धडधडत राहते. हृदयाची लय त्याची स्वतःची असते. मग मेंदूचे काम काय? १८४५ साली अर्न्स्ट वेबर आणि एडुआर्ड वेबर या जर्मन बंधूंनी त्याचा एक भाग उलगडला. मेंदूपासून निघून मानेतून खाली उतरणारा आणि हृदय, फुप्फुसे, जठर अशा अनेक ठिकाणी फिरत जाणारा एक लांबलचक मज्जातंतू आहे. त्याच्या या भटकेपणामुळेच त्याला 'व्हेगस' म्हणतात. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ 'भटका' असा होतो. वेबर बंधूंनी बेडकाच्या या मज्जातंतूला विजेचे उत्तेजन दिले. मज्जातंतू चेतविला की अवयव कामाला लागतो, अशीच तोवर सर्वांची समजूत होती. येथे उलटेच घडले. हृदय मंदावले आणि थांबले. उत्तेजन बंद करताच ते पुन्हा चालू लागले!

बैलगाडी हाकणारा गडी बैलांना पराणी टोचतो, तसाच वेळप्रसंगी कासराही आखडून धरतो. व्हेगस हा हृदयाचा कासरा आहे. आपण स्वस्थ बसलेले असतानाही तो थोडासा ताणलेलाच असतो. म्हणूनच नाडी संथ चालते. पराणीचे काम करणारे दुसरे मज्जातंतू आहेत. धावताना कासरा सैल सुटतो आणि पराणी टोचली जाते.

तथापि खरा पेच पुढेच होता. मज्जातंतूतून विद्युत्‌लहर जाते, हे ठाऊक झाले होते. पण तंतू जेथे संपतो आणि हृदयाचा स्नायू जेथे सुरू होतो, तेथे हा निरोप पलीकडे जातो कसा? वीज उडी मारते, की एखादे द्रव्य पाझरते? ऑस्ट्रियातील ग्राझ येथील प्राध्यापक ओटो लोवी यांच्या मनात द्रव्याची कल्पना १९०३ सालीच येऊन गेली होती. परंतु ती पडताळून पाहण्याचा मार्ग न सुचल्यामुळे ती तशीच विस्मरणात गेली.

पुढे कित्येक वर्षांनी एका रात्री ते झोपेतून जागे झाले. त्यांना एक प्रयोग सुचला होता. दिवा लावून त्यांनी कागदाच्या चिटोऱ्यावर काही खरडले आणि ते पुन्हा झोपी गेले. सकाळी पाहतात तो स्वतःचेच अक्षर त्यांना लागेना! (अक्षर सुवाच्य काढा, असे गुरुजी का सांगतात ते येथे कळावे.) सारा दिवस तळमळण्यात गेला. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास तीच कल्पना पुन्हा आली. या वेळी मात्र लोवी चिटोऱ्याच्या भानगडीत पडले नाहीत. ते उठून तडक प्रयोगशाळेत गेले.

त्यांनी दोन बेडकांची हृदये घेतली. पहिल्याचा व्हेगस मज्जातंतू तसाच जोडलेला ठेवला. दुसऱ्याचे मज्जातंतू काढून टाकले. पहिल्या हृदयात क्षारजल भरून त्याच्या व्हेगसला काही मिनिटे विजेचे उत्तेजन दिले. ते हृदय मंदावले, यात नवल नव्हते. मग त्यातील क्षारजल काढून त्यांनी दुसऱ्या हृदयात घातले. त्या हृदयाला एकही मज्जातंतू नव्हता, विजेचा स्पर्शही झालेला नव्हता. तरी तेही मंदावले! पहिल्या हृदयाच्या पराणीतंतूंना चेतवून तेथले पाणी घातले, तेव्हा दुसऱ्याचा वेग वाढला. निरोप पाण्यातून आला होता. म्हणजे तो पोचविणारे द्रव्य त्या पाण्यात होते. लोवी यांनी हा शोध १९२१ साली प्रसिद्ध केला.

सर्वांनी तो लगेच मानला, असे मात्र नाही. इतरांनी हाच प्रयोग केला, तेव्हा पुष्कळांना तो साधला नाही. याचे कारण असे, की व्हेगसचे ते द्रव्य फार अल्पजीवी असते. विशेषतः उष्ण हवेत ते चटकन नाश पावते. अखेर १९२६ साली स्टॉकहोम येथे जमलेल्या शास्त्रज्ञांसमक्ष लोवी यांनी तो प्रयोग एकाच हृदयावर अठरा वेळा करून दाखविला. ते द्रव्य ॲसिटिलकोलीन होय, हेही पुढे सिद्ध झाले. १९३६ साली लोवी आणि इंग्लंडमधील हेन्री डेल यांना मिळून नोबेल पारितोषिक देण्यात आले.

या कथेत बेडकांचे मत मात्र कोणी विचारले नाही, हे मला अनेकदा जाणवते. आपल्या देशात प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला. पूर्वी महाविद्यालयांतील विद्यार्थी ज्या सहजतेने बेडूक कापीत, ती आता राहिलेली नाही. आणि ते योग्यच झाले.

लोवी यांच्यावर पुढे मोठे संकट कोसळले. ते ज्यू होते. मार्च १९३८ मध्ये हिटलरच्या जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि त्याच वेळी लोवी यांना रात्री अंथरुणातून उठवून तुरुंगात नेण्यात आले. पिस्तुले रोखलेली पाहून आपला प्राण जाणार, असेच त्यांना वाटले. पण त्याहून मोठी चिंता ही, की आपला शेवटचा प्रयोग अप्रकाशितच राहील! लिहिण्याची परवानगी मिळताच त्यांनी त्याचा वृत्तान्त एका पोस्टकार्डावर लिहून शास्त्रीय नियतकालिकाकडे धाडला आणि मगच त्यांचा जीव भांड्यात पडला. पारितोषिकाची सारी रक्कम नाझींच्या हवाली करून त्यांना देश सोडावा लागला. पुढे ते अमेरिकेत स्थायिक झाले व १९६१ साली तेथेच वारले.

आता विदर्भाकडे वळू. १९०२ साली अमरावतीस जन्मलेले डॉ. भालचंद्र बाबाजी दीक्षित हे संशोधनासाठी स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे गेले होते. हृदयापाशी जे द्रव्य निरोप पोचविते, त्याचे खुद्द मेंदूत काही काम असेल काय, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. त्या काळी असे विचारणारे थोडे होते. मेंदूत ॲसिटिलकोलीन असते, हे त्यांनी दाखविले. मांजराच्या मेंदूतील पोकळीत ते अत्यल्प प्रमाणात सोडले असता मांजराला झोपेसारखी गुंगी येते, असेही त्यांना आढळले. त्यांचे हे लेख १९३४ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षीच्या आणखी एका लेखात मेंदूच्या तळाशी असलेल्या एका लहानशा भागाला चेतविल्याने हृदयाची लय बिघडते, असे त्यांनी मांडले. हेच डॉ. दीक्षित पुढे, १९५६ साली दिल्लीत स्थापन झालेल्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले. १९६५ साली त्यांना 'पद्मभूषण' हा किताब मिळाला.

लेण्यातील त्या मुलीला मी हे सारे दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितले. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "पण गुरुजी, परवा रात्री शेतावर वाघाची डरकाळी ऐकली, तेव्हा मी तर खाटेवरच होते. तरी छाती केवढी धडधडली! तेव्हा मी कुठे धावत होते?"

मी फळ्यावर मेंदूची आकृती काढली, तिच्या तळाशी खडूने एक लहानसे वर्तुळ केले, आणि त्या तासाला व्याकरण राहूनच गेले.