सराउंड साउंडची जोडणी आणि आबांची तक्रार

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी जयपूरला गेलो, तेव्हा बाबा घरी नव्हते. त्यांची बदली फील्डला झाली आहे. आई, धाकटी बहीण आणि आबा, म्हणजे माझे आजोबा, छावणीतल्या क्वार्टरमध्ये राहतात. जाण्यापूर्वी बाबांनी निवृत्त होणाऱ्या एका साहेबांकडून जुना सराउंड साउंडचा संच घेतला होता. त्यात एक डिकोडर, पाच स्पीकर आणि एक सबवूफर होता. खोकी तशीच पलंगाखाली पडून होती. बाबा फोनवर म्हणाले, "तुला या कामाची आवड आहे. आबांसाठी एवढं जोडून दे. टीव्हीतलं बोलणं कळत नाही म्हणून ते हल्ली बाहेरच बसतात."

आबा साताऱ्याकडचे. त्यांची सगळी नोकरी तोफखान्यात झाली. सुट्टीतले पाच दिवस मी त्या संचाशी झगडलो. मी केलेल्या चुका इतर कॅडेटनी करू नयेत म्हणून हा लेख लिहीत आहे.

डिकोडर काय करतो?

संचावर '५.१' असे लिहिलेले असते. त्यातले पाच म्हणजे समोरचा डावा, समोरचा उजवा, मधला, मागचा डावा आणि मागचा उजवा हे स्पीकर. '.१' म्हणजे सबवूफरची वाहिनी. तिच्यात फक्त खालचे, साधारण १२० हर्ट्झपर्यंतचे आवाज असतात. उदाहरणार्थ, स्फोट, गडगडाट, ढोल. पूर्ण वाहिनीच्या मानाने हा पट्टा फार लहान, म्हणून तिला पूर्ण एक न म्हणता '.१' म्हणतात.

सहा वाहिन्यांचा आवाज जसाच्या तसा पाठवायचा झाला, तर दर सेकंदाला सुमारे ४६०० किलोबिट माहिती लागते. डीव्हीडीवर डॉल्बी डिजिटल पद्धतीत तीच माहिती जास्तीत जास्त ४४८ किलोबिटमध्ये बसवतात. म्हणजे ती जवळजवळ दहापट आवळलेली असते. सिग्नलवाले संदेश संकेतात पाठवतात आणि पलीकडचा माणूस तो उलगडतो, तसेच हे आहे. उलगडणारा तो डिकोडर. पण त्याच्यापर्यंत संकेत पोहोचलाच नाही, तर तो काय उलगडणार? माझा पहिला घोटाळा इथेच झाला.

स्पीकरच्या जागा

लक्ष्य दाखवण्याची घड्याळी पद्धत आपण शिकतो. तीच इथे वापरा. ऐकणाऱ्याची खुर्ची घड्याळाच्या मध्यावर आणि टीव्ही बारावर आहे असे समजा. मधला स्पीकर बारावर, टीव्हीच्या लगेच खाली किंवा वर. समोरचा डावा अकरावर, उजवा एकवर. मागचा उजवा तीन आणि चारच्या मध्ये, मागचा डावा आठ आणि नऊच्या मध्ये, दोन्ही कानांपेक्षा थोडे उंच. सबवूफर पुढच्या बाजूला ठेवा, पण कोपऱ्यात खुपसू नका. कोपऱ्यात तो नुसता घुमतो.

तार जोडताना लाल लालला आणि काळे काळ्याला लावायचे. एका स्पीकरला उलटे लागले, तर एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो आणि आवाज पोकळ होतो. सर्वात महत्त्वाचे म्हणजे, जोडणी करताना डिकोडरचा प्लग बोर्डातून काढलेला असला पाहिजे.

पहिले तीन दिवस

पहिल्या दिवशी मी घाई केली. बटण दाबताच डिकोडरवर 'प्रोटेक्ट' अशी अक्षरे आली आणि तो बंद पडला. पाहिले तर तारेचा केसाएवढा एक धागा लालवरून काळ्याला टेकला होता. शॉर्ट झाल्यावर डिकोडर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. प्लग काढला, सगळ्या तारांची टोके पीळ देऊन नीट बसवली आणि तो चालू झाला.

तरी आवाज नाही. टीव्हीपासून डिकोडरपर्यंत मी ऑप्टिकल केबल लावली होती. तिच्यातून आवाज प्रकाशाच्या रूपाने जातो. तासाभराने बहिणीने विचारले, "दादा, याच्या टोकाला हे प्लास्टिकचं टोपण कसलं?" नव्या केबलच्या टोकावर धूळ बसू नये म्हणून पारदर्शक टोपण असते. ते मी काढलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी पुढून आवाज आला, मागून नाही. डिकोडरच्या पट्टीवर 'पीसीएम' दिसत होते. टीव्ही स्वतःच आवाज उलगडून फक्त दोन वाहिन्या पुढे पाठवत होता. टीव्हीच्या मेनूत 'डिजिटल ऑडिओ आउट' पीसीएमवरून 'बिटस्ट्रीम'वर नेले. चित्रपटाची डीव्हीडी लावताच पट्टीवर 'डॉल्बी डिजिटल' आले आणि मागून पाऊस ऐकू आला. मला फार आनंद झाला.

तिसऱ्या दिवशी सगळ्यांना बोलावून चित्रपट लावला. दहा मिनिटांनी आबा म्हणाले, "पोरा, आवाज नुसता मोठा झालाय. ती माणसं काय बोलत्यात ते कळंना."

मी आवाज वाढवला. ते परत तेच म्हणाले. तीन दिवस राबून मी वैतागलो होतो. मी म्हणालो, "आबा, मशीन बरोबर आहे. तुमचेच कान गेलेत, त्याला मी काय करू?"

आईने माझ्याकडे पाहिले. आबा काही बोलले नाहीत. त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि बाहेर नेली.

राजमंदिर

चौथ्या दिवशी आई आम्हां सर्वांना राजमंदिर चित्रपटगृहात घेऊन गेली. जयपूरला येणारे बरेच लोक ते पाहतात. ते १९७६ साली सुरू झाले. त्याचे वास्तुविशारद डब्ल्यू. एम. नामजोशी, मुंबईचे मराठा मंदिरही त्यांचेच. हे मी सांगितल्यावर आबा दोन दिवसांत पहिल्यांदा हसले. "म्हणजे आपलाच माणूस की!"

चित्रपट सुरू झाला आणि मी पडद्याऐवजी आबांकडे पाहत राहिलो. विनोद झाला की ते वेळेवर हसत होते. एका ठिकाणी आईला संवाद कळला नाही, तो त्यांनीच तिला सांगितला.

मग घरी का कळत नाही? कान तर तेच होते.

चित्रपटगृहाच्या पडद्याला बारीक बारीक छिद्रे असतात. त्याच्या मागे मधला स्पीकर असतो आणि चित्रपटातले बहुतेक सगळे बोलणे त्यातूनच येते. संगीत आणि इतर आवाज बाजूंनी येतात. बोलणे वेगळ्या जागेहून आले, की ते गोंगाटातून वेगळे काढता येते. आमच्या घरच्या मधल्या स्पीकरला मी कान लावून पाहिले होते का? नव्हते.

वहीची पद्धत

पाचव्या दिवशी पहाटे उठून मी वही घेतली. नियम ठरवला : एका वेळी एकच बदल, तो वहीत लिहायचा, परिणाम पाहायचा, मगच पुढचा. रायफल थांबली की आपण ठरलेल्या क्रमाने तपासतो, इकडेतिकडे हात मारत नाही. इथेही क्रम हवा : वीज, मग आवाज जिथून येतो ते यंत्र, मग केबल, मग डिकोडरची सेटिंग, मग तारा, शेवटी स्पीकर.

डिकोडरमध्ये 'टेस्ट टोन' असतो. बटण दाबले की प्रत्येक स्पीकरमधून पाळीपाळीने खरखर ऐकू येते. डाव्यातून आली, आणि मग थेट उजव्यातून. मधला स्पीकर गाळला गेला होता. मेनू उघडला, तर 'सेंटर स्पीकर'समोर 'नन' लिहिलेले होते. पहिल्या रात्री आवाज येत नव्हता, तेव्हा मी रागाने पाच-सहा सेटिंग एकदम बदलल्या होत्या. त्यातली ही एक. नोंद केली नव्हती, म्हणून विसरलो.

'नन' म्हणजे मधला स्पीकर नाही असे डिकोडर समजतो आणि बोलणे डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये संगीतासोबत मिसळतो. बरोबर मध्ये बसणाऱ्याला फारसा फरक वाटत नाही. मी मध्ये बसत होतो. आबांची खुर्ची बाजूला, कूलरच्या शेजारी होती.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी मी नीट समजून घेतली. तोफांच्या आवाजाने कानांची हानी झाली, की आधी उंच आवाज जातात, साधारण ३००० ते ६००० हर्ट्झचे. स, श, फ यांसारखी व्यंजने याच उंच भागात असतात, स्वर खाली असतात. त्यामुळे माणूस बोलतोय हे ऐकू येते, पण काय बोलतोय ते कळत नाही. आबांनी अगदी हेच शब्द वापरले होते. त्यांची तक्रार म्हणजे दोषाचे अचूक वर्णन होते आणि मी ते फेटाळले होते.

बाहेर जाऊन मी म्हणालो, "आबा, तुमचं बरोबर होतं. मधला स्पीकर बंद होता. मीच बंद केला होता. मी तसं बोलायला नको होतं."

आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "चल, दाखव कुठं काय हाय ते."

अंतर आणि वेळ

डिकोडर प्रत्येक स्पीकरचे खुर्चीपासूनचे अंतर विचारतो. ते कशाला हे मला ठाऊक नव्हते. आबांना लगेच कळले. तोफेची चमक आधी दिसते, धडाका मागून येतो. मधले सेकंद मोजले की अंतर निघते, तीन सेकंदांना सुमारे एक किलोमीटर. पहिल्या महायुद्धात मायक्रोफोन रांगेने मांडून, आवाज कुठे आधी पोहोचला यावरून शत्रूची तोफ शोधत. ब्रिटिश सैन्यात हे काम लॉरेन्स ब्रॅग या शास्त्रज्ञाने उभे केले. १९१५ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता.

आपला मेंदूही तेच करतो. जो आवाज आधी पोहोचेल, त्या दिशेने तो आला असे मानतो. आबांची खुर्ची कूलरपासून दूर, मध्ये आणली. त्यांनी स्वतः टेप धरला. पुढचे स्पीकर ३ मीटरवर, मागचे १.२ मीटरवर. फरक १.८ मीटर. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे मागचा आवाज सुमारे ५ मिलिसेकंद आधी पोहोचणार. अंतरे भरली, की डिकोडर मागचा आवाज तेवढाच थांबवून सोडतो.

मधला स्पीकर ३ डेसिबलने वाढवला. कूलर कमी वेगावर आणला. जुन्या चित्रपटांत आणि बातम्यांत दोनच वाहिन्या असतात, म्हणून त्यांच्यासाठी 'प्रो लॉजिक' निवडले. डाव्या-उजव्यात जे समान असते, ते त्यात वेगळे काढून मधल्या स्पीकरला मिळते. बोलणे बहुधा समानच असते.

संध्याकाळी बातम्या लावल्या. आबा पुढे न वाकता ऐकत होते. अर्ध्या तासाने म्हणाले, "आवाज जरा कमी कर."

थोडक्यात दोष आणि उपाय

१. 'प्रोटेक्ट' दिसते : प्लग काढा, तारेचे धागे एकमेकांना टेकले आहेत का ते पाहा.

२. आवाजच नाही : डिकोडरवर योग्य इनपुट निवडले आहे का? ऑप्टिकल केबलचे टोपण काढले आहे का? टीव्हीकडचे टोक लावून दुसऱ्या टोकाला लाल उजेड दिसतो का?

३. मागचे स्पीकर गप्प : पट्टीवर 'पीसीएम' असेल तर टीव्हीत 'बिटस्ट्रीम' करा. कार्यक्रमच दोन वाहिन्यांचा असेल तर तो दोष नव्हे. टेस्ट टोनने खात्री करा.

४. बोलणे अस्पष्ट : मधला स्पीकर मेनूत चालू आहे का? ऐकणाऱ्याच्या खुर्चीवर स्वतः बसून ऐका.

५. सतत 'हूंऽऽ' असा आवाज : हा बहुधा विजेचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट असतो. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि डिकोडर एकाच बोर्डावर लावून पाहा. अर्थिंगची पिन कधीही काढू नका.

६. ओठ आणि आवाज जुळत नाहीत : टीव्हीला चित्र तयार करायला वेळ लागतो. डिकोडरमध्ये 'लिप सिंक' थोडा थोडा वाढवा.

मशीन नीट झाले, तरी आबांचे कान तपासायला हवेतच. आईने त्यांची वेळ घेतली आहे आणि आबांनी या वेळी नाही म्हटले नाही.

मी शाळेत परत निघालो तेव्हा आबा म्हणाले, "रिपोर्ट लिही. चूक काय, कुणाची, कशी सुधारली. नाव आपलंच घालायचं." म्हणून लिहिले. चूक माझी होती. ती माझ्या आधी आबांना ऐकू आली होती.