उंच मैदानांवरील दुपारची गडगडाटी वादळे : पूर्वानुमानाची पद्धत

मागील पाठात आपण गडगडाटी वादळाची रचना अभ्यासली. असे वादळ कोठे आणि कोणत्या स्वरूपात येईल याचा अंदाज कसा बांधतात, ते आता पाहू. त्यासाठी अमेरिकेतील रॉकी पर्वताच्या पूर्वेस पसरलेल्या उंच मैदानांचे उदाहरण घेऊ. येथील डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवर आहे.

गडगडाटी वादळास तीन बाबी आवश्यक असतात : खालच्या थरातील आर्द्रता, हवेची अस्थिरता आणि हवा वर उचलणारी प्रेरणा. ही मैदाने पश्चिमेकडे चढत जातात. त्यामुळे पूर्वेकडून येणारा दमट वारा उतारावरून आपोआप वर उचलला जातो. उन्हाने पर्वतउतार तापतात; म्हणून दुपारी पहिले ढग बहुधा पर्वतावर दिसतात व नंतर मैदानाकडे सरकतात. उंचीमुळे येथे १० ते १३ अंश सेल्सिअस इतका दवबिंदूही तीव्र वादळास पुरेसा ठरू शकतो.

सकाळी फुग्याद्वारे घेतलेल्या नोंदींत पूर्वानुमानकर्ता प्रथम मध्यस्तरातील उष्ण हवेचे 'झाकण' तपासतो. ते फार घट्ट असेल, तर वादळ होतच नाही. दुपारच्या उष्णतेने ते फुटणार असेल, तर तोवर खाली साठलेली ऊर्जा एकदम मुक्त होते.

यानंतर वरच्या थरांतील वारे पाहावे लागतात. उंचीनुसार वाऱ्याचा वेग व दिशा बरीच बदलत असेल, तर वादळ दीर्घकाळ टिकते. मोठ्या गारा व चक्रवाताचा धोका संभवतो. वरचे वारे मंद असतील, तर धोका टळला असे मात्र समजू नये. ३१ जुलै १९७६ रोजी सायंकाळी कोलोरॅडोतील बिग थॉम्पसन नदीच्या खोऱ्यावर दमट पूर्ववारे वाहत होते, पण वरचे वारे मंद होते. वादळ जवळजवळ एकाच जागी थांबले. काही तासांत सुमारे ३०० मिलिमीटर पाऊस कोसळला. अरुंद दरीतून लोंढा आला आणि १४० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

म्हणून 'वादळ होईल का?' या प्रश्नापाठोपाठ 'ते पुढे सरकेल का?' हा प्रश्नही विचारलाच पाहिजे. गारपिटीत छपराखाली आश्रय घ्यावा लागतो, तर पुरात दरी सोडून उंचावर जावे लागते. इशारा चुकीच्या धोक्याचा असेल, तर माणूस चुकीच्या जागी थांबतो.

स्वाध्याय : दमट पूर्ववारे, दुपारी फुटू शकणारे झाकण आणि वरच्या थरांत वेगवान पश्चिमी वारे अशी स्थिती असता कोणत्या धोक्याचा इशारा द्याल? सकारण लिहा.