काशानची झळाळी आणि आपला आवा

(द्वितीय वर्ष, कला)

चकाकते ते सर्व सोने नसते, ही म्हण इराणमधील काशानच्या कुंभारांनी बाराव्या ते चौदाव्या शतकांत अक्षरशः खरी करून दाखविली. त्यांची भांडी आणि फरशा सोन्यासारख्या झळाळतात. पण ती झळाळी सोन्याची नव्हे, धुराची किमया आहे.

गारेचे पीठ दहा भाग, काचेची पूड एक भाग व पांढरी माती एक भाग, यांचे भांडे घडवून त्यावर झिलई देत आणि ते भाजीत. मग चांदी व तांबे यांची संयुगे मातीत कालवून त्या रंगाने वेलबुट्टी, माणसे, अक्षरे काढीत. दुसरी भट्टी मंद आचेची. तीत मुद्दाम धूर कोंडीत. कोंडलेला धूर संयुगांतील प्राणवायू ओढून घेतो आणि धातूचे अतिसूक्ष्म कण झिलईत उरतात. भांडे निवल्यावर वरची माती पुसली की झळाळी प्रकट होते. धुराचा अंदाज चुकला तर सारी मेहनत वाया!

हे तत्त्व आपल्याला परके नाही. काळे मडके हवे असेल तेव्हा आपला कुंभारही आवा झाकून धूर कोंडतो. इराणी झिलईकामाचे वळणही आपल्या जवळ, दौलताबादेस पोहोचले होते. तेथील चिनी महाल आणि पंधराव्या शतकातील चांद मिनार यांवर झिलईदार फरशा होत्या. त्या काशानच्या सोनेरी झळाळीच्या नव्हेत. आणि आज त्यांचे थोडेच अवशेष उरले आहेत.

मग काशानची कृती आपल्याला कळली कशी? तेथील एका नामांकित कुंभार घराण्यातील अबुल कासिम हा चाकावर न बसता इतिहासकार झाला. परंतु घरची विद्या तो विसरला नाही. १३०१ साली त्याने ती ग्रंथात लिहून ठेवली. पुढे इराणात ही कला जवळजवळ लोपली; त्याचे लिखाण मात्र टिकले.

मी कुंभाराच्या घरातला, कॉलेजात आलेला पहिलाच. माती किती मळावी, आवा कसा रचावा, धूर केव्हा कोंडावा, हे वडिलांच्या हातांना ठाऊक आहे. कागदावर त्यातले एक अक्षरही नाही. सुतार, लोहार, कोष्टी, चांभार यांच्या घरांतून आलेल्या माझ्या मित्रांचीही हीच स्थिती असेल. शिक्षणाने आपल्या हातात लेखणी आली आहे. तिचा पहिला उपयोग घरची विद्या लिहून ठेवण्यासाठी व्हावा, असे मला मनापासून वाटते.