तरुणपणीचा खो-खो पन्नाशीत कितपत उपयोगी?

प्रश्न : शाळा-कॉलेजात खो-खो खेळल्याचा पन्नाशीनंतर फायदा होतो का?

उत्तर : हाडांना होतो, आणि तो बराच टिकतो. धावणे, उड्या, अचानक वळणे यांच्या ताणाने वाढत्या वयातली हाडे घट्ट होतात. ही शिल्लक साधारण तिशीपर्यंतच साठते. मुलींसाठी ती विशेष मोलाची, कारण रजोनिवृत्तीनंतर हाडांची झीज वेगाने होते. हृदयाचा दम मात्र सराव सुटल्यावर काही आठवड्यांतच उतरू लागतो. खेळ थांबवून खुराक तोच ठेवला, तर वजन वाढते. स्वभावाबद्दल एवढे ठामपणे सांगता येत नाही. तरी चौकात बसलेल्या आठ जणांना खो मिळेपर्यंत उठता येत नाही, हा संयम रोजच्या सरावाने अंगवळणी पडतो. बऱ्याच वर्षांनी मैदानात उतरण्याआधी रक्तदाब आणि गुडघे तपासून घ्यावेत.