नेटिव्ह कोडला हात घालण्याआधी

युनिटीत प्लगइन लिहायला घेतेस खरी, पण आधी बघ, ते काम इंजिन आयतं करून देतंय का? बॅटरी किती उरली हे सिस्टिमइन्फो सांगतं. तेवढ्यासाठी जावा लिहून ठेवणारे महाभाग आहेत! फोनचं शेअर-शीट मात्र इंजिनात नाही. तिथे नेटिव्हमध्ये उतरावंच लागतं.

उतरलीस तर थोडक्यात काम उरकून परत ये. अपडेटमध्ये दर फ्रेमला जावा मेथड बोलावू नकोस. दर वेळी जेएनआय ओलांडायचं, नावावरून मेथड शोधायची, स्ट्रिंगची नक्कल करायची. गेम अडखळू लागतो. ऑब्जेक्ट एकदाच धरून ठेव, संपलं की डिस्पोज कर.

सगळ्यात जास्त डोकं खातात ते थ्रेड. अँड्रॉइडवर युनिटीचा मुख्य थ्रेड वेगळा, ॲपचा यूआय थ्रेड वेगळा. सी-शार्पमधून सरळ डायलॉग उघडायला गेलीस की क्रॅश; ते काम रन-ऑन-यूआय-थ्रेडमध्ये टाक. उलटीकडूनही तेच. जावाचा कॉलबॅक प्रॉक्सीतून आला, तर तो जावाच्याच थ्रेडवर येतो. तिथे गेमऑब्जेक्टला हात लावू नकोस. निकाल रांगेत ठेव आणि अपडेटमध्ये उचल. युनिटी-सेंड-मेसेज सोपा वाटतो, पण तो एकच स्ट्रिंग नेतो, उशिरा पोचतो आणि ऑब्जेक्ट नावावरून शोधतो. सीनमध्ये कुणी ते नाव बदललं की निरोप पोचत नाही, गेम मात्र काही झालंच नाही अशा थाटात चालू राहतो.

आयओएसवर डबल-एम फाइलमधल्या फंक्शनला एक्स्टर्न सी लाव, नाहीतर लिंकर नाव सापडत नाही म्हणून अडून बसतो. स्ट्रिंग परत करताना स्ट्रडप करूनच दे. सी-शार्पची बाजू ती मेमरी स्वतः मोकळी करते. ऑब्जेक्टिव्ह-सीच्या मालकीचा पॉइंटर दिलास तर ॲप कोसळतं. कॉलबॅक स्टॅटिक हवा, वर मोनो-पी-इन्व्होक-कॉलबॅक हवं.

एडिटरमध्ये यातलं काहीच चालत नाही, तिथे खोटं उत्तर देणारा पर्याय ठेव. आणि डेव्हलपमेंट बिल्ड चाललं म्हणून हुरळू नकोस. रिलीजमध्ये मिनिफाय चालू असेल, तर आर-एट तुझ्या जावा क्लासचं नाव बदलतो किंवा तो उडवूनच टाकतो, कारण सी-शार्पमधल्या स्ट्रिंगमधलं नाव त्याला दिसत नाही. प्रोगार्डमध्ये कीप नियम लिही.

आयती एसओ फाइल कुणी दिली तर ती १६ केबी पेजसाठी बांधलेली आहे का, ते आधी विचार. अँड्रॉइड १५ आणि पुढच्या आवृत्त्यांना लक्ष्य करणाऱ्या ॲप्सना प्ले स्टोअरने १ नोव्हेंबर २०२५पासून ती अट घातली आहे.