शिवनेरीच्या दरवाजावरचा ‘वाघ’

प्रश्न : शिवनेरी चढताना दरवाजावर वाघासारखा प्राणी कोरलेला दिसतो. गावात कुणी सिंह म्हणतं, कुणी गंडभेरुंड. खरं काय?
– एक वाचक, मंचर

उत्तर : आधी तोंड पाहा. गंडभेरुंड हा दोन डोक्यांचा पक्षी. चोच आणि पंख नसतील तर ते नाव बाद. अंग सिंहाचं, अंगठ्याएवढे फुगवलेले डोळे, उंचावलेली शेपटी असेल, तर त्याला शरभ म्हणतात. पुराणातला शरभ आठ पायांचा. नरसिंहाला शांत करण्यासाठी शिवाने घेतलेलं रूप. किल्ल्यावरच्या पाथरवटाने मात्र चार पायांवर भागवलं! त्यामुळे ‘सिंह’ म्हणणाऱ्यांना मी वेड्यात काढणार नाही.

खरी गंमत पंजाखाली असते. अनेक किल्ल्यांवरच्या शरभांनी तिथे हत्ती दाबलेले दिसतात. हत्ती म्हणजे हरवलेला शत्रू, असा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात. ही कल्पना दगडापुरती नव्हती. शिवनेरीच्या पायथ्याचं जुन्नर ज्या निजामशाहीत होतं, तिच्याच अहमदनगरात 1549 मध्ये मुलूख-ए-मैदान तोफ ओतली गेली. आज ती विजापूरला आहे. तिच्या तोंडाशी आ वासलेला सिंह असून त्याच्या जबड्यात हत्ती चिरडला जातो आहे. शस्त्र असो वा दरवाजा, धाक एकच.

पुढच्या वेळी सकाळच्या तिरप्या उन्हात जा, उठाव स्पष्ट दिसतो. आणि कृपया, रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडू किंवा शेंदूर फासू नका.